तलवारबाजीसाठी देणगी मिळतेय: साहित्य घ्यावं, फी भरावी की स्पर्धांचा प्रवास?

पवित्रा (धागाकर्ता)

एक धर्मादाय संस्था आमच्या तलवारबाजीच्या वर्गाला एकरकमी निधी द्यायला तयार आहे. मुलं १८, वय ९ ते १४. निम्म्या घरांना महिन्याची फीच जड जाते. साहित्यात मास्क ११, जॅकेटं ९, साधी पोलादी फॉइल (हलक्या तलवारी) १४. दिव्यावर खेळायचं, म्हणजे टोक लागलं की यंत्राचा दिवा पेटवणारं इलेक्ट्रिक, एकही हत्यार नाही. संस्थेच्या अर्जात तीन रकाने आहेत: साहित्य, मुलांना थेट मदत, इतर.

पैसे कसे वाटावेत? पालकांचं म्हणणं, प्रत्येक मुलाला स्वतःचा संच द्या. प्रशिक्षकांचं म्हणणं, दोन पिस्टवर (खेळायच्या पट्ट्यांवर) दिव्याची यंत्रं लावा. कमिटीतल्या एकाला सगळ्यात चांगल्या तीन मुलांना स्पर्धांना पाठवायचंय. ज्यांनी असे निधी आणले किंवा राबवले आहेत त्यांनी आकड्यांसकट सांगावं.

---

हत्यारपेटी

प्रत्येकाला स्वतःचा संच ही कल्पना आधी काढून टाका. ९ ते १४ हे वाढीचं वय. आज छातीला बसलेलं जॅकेट दीड वर्षात काखेत काचतं, आणि मूल वर्ग सोडून गेलं तर संच त्याच्या घरी माळ्यावर जातो. साहित्य वर्गाच्या मालकीचं, प्रत्येक नगावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक, वहीत नोंद. स्वतःचा फक्त हातमोजा. तो घामाने आतून कुजतो, दुसऱ्याचा घालायला कोणी तयार नसतं.

दुसरं, दिव्यावर खेळायचं हत्यार एकच निवडा. फॉइल, ईपी, सेबर तिन्ही थोडं थोडं घेतलं की एकाचीही जोडी धड लागत नाही. देणगीवर चालणाऱ्या वर्गाला मी ईपी सांगेन, कारण सरळ आहे. फॉइलला प्रत्येक खेळाडूमागे लामे (वीजवाहक कापडाचं) जॅकेट, वाहक बिबचा (गळा झाकणाऱ्या कापडाचा) मास्क आणि मास्कची वायर. सेबरला बाह्यांसकट लामे, हातावर मँचेट (मोज्यावरचं वाहक आवरण) आणि अख्खा मास्कच वाहक. ईपीत पूर्ण अंग लक्ष्य असतं, म्हणून हत्यार आणि बॉडी वायर (हत्यार यंत्राला जोडणारी, कपड्याआडून जाणारी वायर) एवढ्यावर काम भागतं. शिवाय 'हल्ला आधी कोणाचा' हा वाद नाही, त्यामुळे पंच नसतानाही मुलं आपापसात खेळू शकतात. १८ मुलांमागे एकच प्रशिक्षक असेल तर हे फार मोठं आहे.

आता आकडे. दोन पिस्ट म्हणजे एका वेळी चार जण दिव्यावर. म्हणून १८ इलेक्ट्रिक ईपी घ्यायची गरज नाही. चौघांना प्रत्येकी दोन, म्हणजे ८ हत्यारं आणि ८ बॉडी वायर. बाकीची १४ मुलं साध्या हत्यारावर धडे आणि पायकाम करतात. मास्क २०, जॅकेटं २०, प्लॅस्ट्रॉन (जॅकेटाखालचं अर्धं संरक्षक जाकीट) २०. मुलींसाठी कडक छातीरक्षक जितक्या मुली तितके, वर दोन मोठ्या मापाचे. यंत्रं २, रील (वायर गुंडाळून घेणारी चाकं) ४. रील परवडत नसतील तर कमरेला अडकवायचे छोटे बझर मिळतात. सरावाला ते चालतात, स्पर्धेला नाही.

ऑर्डर देताना हमखास होणाऱ्या चुका:

जॅकेटाची चेन किंवा हुक हत्याराच्या विरुद्ध बाजूला असतात, म्हणजे उजव्या-डाव्यांचं जॅकेट वेगळं. प्लॅस्ट्रॉनलाही बाही एकच असते, हत्याराच्या हाताला. हातमोजा तर उघडच आहे. बोटांच्या खाचा असलेली पिस्तुल मूठही उजवी-डावी वेगळी येते. तेव्हा डावखुरी मुलं मोजून घ्या. लहान मापांत पाठीला चेन असलेली जॅकेटं घेतली तर दोन्ही हातांना चालतात. हत्यारांना सरळ फ्रेंच मूठ घ्या, तीही दोघांना चालते.

फॉइल-सेबरच्या बॉडी वायरला दोन पिनांचा प्लग असतो किंवा बायोनेट, आणि एक दुसऱ्यात बसत नाही. निम्म्या वायरी एका प्रकारच्या आणि निम्म्या दुसऱ्या घेतलेले वर्ग सर्रास दिसतात. ईपीला तीन पिनांचा एकच प्रकार आहे. हाही ईपीच्या बाजूचा मुद्दा.

पात्याचे क्रमांक ० ते ५. क्रमांक ५ म्हणजे पूर्ण ९० सेंटिमीटर. नऊ-दहा वर्षांच्यांना ० किंवा २ द्या. 'पुढे कामाला येतील' म्हणून सगळी ५ नंबरची घेऊ नका. लांब पात्याचं टोक जड पडतं, मूल मनगट सोडून खांद्याने खेळायला लागतं, आणि ती खोड नंतर जात नाही.

कापडावर ३५० न्यूटन, ८०० न्यूटन असे आकडे असतात, म्हणजे भोक न पडता ते किती जोर सोसतं ते. सुरुवातीच्या वर्गाला ३५० चं जॅकेट चालतं, पण खालचं प्लॅस्ट्रॉन ८०० चंच घ्या. जिथे पैसे वाचवायचे नाहीत अशी ती जागा. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयईच्या, स्पर्धांना जॅकेट ८०० आणि मास्कचं बिब १६०० लागतं. ते सगळ्यांना आत्ताच घेण्यात अर्थ नाही.

---

तिरकस_टोक

वरचं बरंचसं पटलं, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात ईपी देणं नाही. नियमाने ईपीचं वजन ७७० ग्रॅमपर्यंत, फॉइलचं ५०० पर्यंत. प्रत्यक्षात दोन्ही हलकी असतात, तरी फरक हाताला कळतो. त्यात ईपीचं पातं ताठ. छोट्या मुलाला ते पॅरीत (वार अडवताना) वळत नाही, मग ते दोन्ही हातांनी धरल्यासारखं खेळतं. तुमच्याकडे १४ साधी फॉइल आहेतच. ११ वर्षांखालच्यांना तीच ठेवा. साध्या फॉइलला लामे, वायर काहीच लागत नाही, मास्क-जॅकेट तेच चालतं. देणगीतली इलेक्ट्रिक ईपी मोठ्यांसाठी.

शाळांतून नवी मुलं आणायची असतील तर प्लॅस्टिकच्या हत्यारांचा एक संच अर्जात टाका. पहिले सहा-आठ आठवडे त्यावर निघतात. फक्त त्याबरोबर येणारा प्लॅस्टिकचा मास्क पोलादी हत्यारासमोर कधीही घालू द्यायचा नाही. वेगळ्या पेटीत, वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून, शक्य असेल तर वेगळ्या कुलपात.

---

हत्यारपेटी

@तिरकस_टोक मान्य. साधी फॉइल लहानांना, ईपी मोठ्यांना. माझा आग्रह दिव्याच्या हत्यारापुरता होता.

---

रोजकीर्द

साहित्याचं वर आलं. मी अर्जावर बोलतो, कारण निधी बहुतेक वेळा साहित्याच्या यादीमुळे अडत नाही, बाकीच्या दोन रकान्यांत अडतो.

'इतर' या रकान्यात शक्यतो काही लिहू नका. कात्री लागते तेव्हा तपासणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो. देखभाल हा साहित्याचाच भाग म्हणून साहित्यात लिहा: सुटी टोकं, स्प्रिंगा, स्क्रू, पात्यांच्या वायरी, गोंद, दोन जादा पाती, तपासणीची वजनं, मल्टिमीटर. आणि एक ओळ घाला: 'देखभालीची तरतूद नसल्यास पहिल्या वर्षअखेर निम्मी इलेक्ट्रिक हत्यारं बंद पडतात.' हत्यारपेटींना विचारून आकडा तुमच्या वापरानुसार बदला, पण ओळ असू द्या. देणाऱ्याला कपाटात पडलेल्या साहित्याचीच जास्त धास्ती असते.

निधी उद्देशबद्ध असेल, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा असेल, तर तीन गोष्टी लेखी मागून घ्या. साहित्य कोणाच्या मालकीचं. वर्ग बंद पडला तर ते कुठे जाईल. किंमत बदलल्यास एका बाबीचे पैसे दुसरीकडे किती टक्क्यांपर्यंत वळवता येतील. तिसरी फार कामाची आहे. दरपत्रक घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत महिने जातात. तोवर मास्कची किंमत वाढलेली असते आणि ११ ऐवजी ९ च येतात. मग दोन मास्कचा खुलासा करत बसावं लागतं. दरपत्रकावर तारीख, मुदत, वाहतूक आणि आयातकर वेगळे दाखवून घ्या. ब्लेडं आणि यंत्रं बहुधा बाहेरून येतात, आणि अर्ज करणारे हमखास विसरतात तो खर्च वाहतुकीचाच.

आता थेट मदत. इथे चांगल्या मनाचे लोक जास्त चुका करतात. उत्पन्नाचा दाखला, शिफारसपत्र, मुलाखत असं मागितलं की ज्यांना खरी गरज आहे तेच मागे फिरतात. सोपी पद्धत अशी: प्रवेशअर्जावरच सगळ्या पालकांना एक प्रश्न, 'फी पूर्ण भरू, अर्धी भरू, सध्या भरू शकत नाही.' खूण करायची, बाकी काही नाही. ती यादी दोनच माणसांकडे, आणि त्यांत प्रशिक्षक नको. कोणाची फी माफ आहे हे प्रशिक्षकाला माहीत असलं की नकळत वागण्यात उतरतं, कधी जास्त लाड, कधी जास्त कडक. खिडकीवर फी घ्यायची पद्धत असेल तर ती बंद करा. रांगेत हात रिकामा असलेलं मूल सगळ्यांना दिसतं.

कमिटीतल्या कोणाचं मूल लाभार्थी असेल तर त्या निर्णयाच्या वेळी तो माणूस बाहेर, आणि तसं इतिवृत्तात लिहिलेलं. अर्जाला ही एक ओळ जोडली तर वजन पडतं.

तीन चांगल्या मुलांना पाठवण्याचं: नको. निदान या निधीतून नको. हा निधी सहभागासाठी आहे. यशाला प्रायोजक वेगळे असतात आणि त्यांना अर्जही वेगळा करावा लागतो.

---

लाल_दिवा_हिरवा_दिवा

शेवटच्या परिच्छेदाला अर्धी सहमती. तिघांनाच नको, पण स्पर्धेचा खर्च पूर्ण वगळूही नका. जे मूल वर्षभर एकाच हॉलमध्ये त्याच पाच जणांशी खेळतं ते कंटाळून जातं, फी माफ असली तरी. वर्षातून दोन जवळच्या स्पर्धा, जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी, हे सहभागातच बसतं. तसं लिहा.

खर्च मोजताना पंचांच्या नजरेतून पाहा. स्पर्धेत खेळाडूने पिस्टवर चालणारी दोन हत्यारं आणि दोन बॉडी वायर घेऊन यायचं असतं. एक बंद निघालं तर पिवळं कार्ड, आणि दुसरं कार्ड आलं की समोरच्याला गुण. उसन्या, न तपासलेल्या हत्यारावर मूल पाठवलं तर ते हातात तलवार घेण्याआधीच कार्ड घेऊन बसतं. तेव्हा प्रवासखर्च धरण्याआधी चालू हत्यारं धरा.

शिवाय प्रवेशशुल्क, उशिरा भरल्याचा दंड, संघटनेचं वार्षिक सदस्यत्व, विमा. काही स्पर्धांत ठराविक संख्येच्या पुढे खेळाडू आणले तर आपला पंचही आणावा लागतो. म्हणून थेट मदतीत एका मोठ्या मुलाच्या किंवा पालकाच्या पंच-प्रशिक्षणाचं शुल्क घाला. रक्कम थोडी लागते आणि उपयोग वर्षानुवर्षं होतो.

ईपीची तपासणी घरी शिकून घ्या: टोक वर करून त्यावर ७५० ग्रॅमचं वजन ठेवायचं, स्प्रिंगने ते उचललं पाहिजे. १.५ मिलिमीटरची पट्टी टोक आणि नळीच्या मधे शिरली पाहिजे. ०.५ ची पट्टी मधे ठेवून दाबल्यावर दिवा लागता कामा नये. टोकाच्या बाजूचे दोन्ही स्क्रू जागेवर आहेत ना ते बघायचं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एवढं केलं तर बहुतेक कार्डं टळतात.

---

पवित्रा

खूप आभार. दोन उपप्रश्न. एक, एक मोठा क्लब जुने मास्क आणि जॅकेटं फुकट देतोय. संस्थेला 'वस्तुरूप देणगी' म्हणून दाखवायला बरं वाटेल. घ्यावं का? दोन, साहित्य घरी नेणाऱ्यांकडून अनामत घ्यावी का?

---

रोजकीर्द

अनामत नको. ती फीइतकीच अडचणीची होते, फक्त नाव वेगळं. त्याऐवजी वही: क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख, सही. घरी न्यायला फक्त साधं हत्यार आणि जॅकेट. इलेक्ट्रिक हत्यार हॉलबाहेर जायचं ते स्पर्धेलाच. हत्यार पिशवीत झाकून न्यायचं, उघडं नाही, ही अटही वहीच्या पहिल्या पानावर. हरवलं तर काय हे आधीच ठरवा. पहिल्या वेळी वर्गाने सोसायचं, असं मी सुचवेन, आणि त्यासाठी साहित्याच्या रकमेतच दोन जादा नग धरा.

---

हत्यारपेटी

जुनं साहित्य घ्या, पण तपासल्याशिवाय मुलाच्या अंगावर नको. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्हच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं आत गेलं आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो तेव्हाचा ऑलिंपिक विजेता होता. आजची मास्क, कापड आणि पात्यांची मानकं बऱ्याच अंशी त्या अपघातानंतर कडक झाली. तेव्हा जुनं आणि खूण नसलेलं साहित्य म्हणजे काय धोका आहे ते लक्षात ठेवून बघा.

मास्क: जाळी उजेडाकडे धरून बघा. दबलेली जागा, गंजाचा लाल डाग, तुटलेली किंवा सरकलेली तार दिसली तर बाद. १२ किलोच्या दाबाचा स्प्रिंगवाला सुया-ठोका असतो, तो समोर आणि दोन्ही बाजूंना मारून बघतात. टोक आत घुसलं तर मास्क गेला. हा ठोका विकत घेणं परवडत नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. बिबची शिवण जिथे जाळीला जोडलेली आहे तिथे बोट फिरवा, सगळ्यात आधी तिथेच उसवतं. मागचा पट्टा सैल पडला असेल तर तो बदलता येतो, तेवढ्यासाठी मास्क टाकू नका.

जॅकेट: न्यूटनचा शिक्का वाचता येत नसेल तर ते साध्या हत्याराच्या धड्यांनाही देऊ नका, कारण आत काय कापड आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. काखेची आणि हत्याराच्या बाहीची शिवण उलटून बघा. पवित्र्यात उभं राहिल्यावर जॅकेट ब्रीचेसवर (खेळायच्या आखूड पँटवर) किमान १० सेंटिमीटर आलं पाहिजे. उंच मुलाला तोकडं जॅकेट दिलं की पोट उघडं पडतं. पिवळट, खरबरीत झालेलं कापड म्हणजे कोणीतरी ब्लीच टाकून धुतलेलं. क्लोरीनने धागा कमजोर होतो. ते बाद. तुमच्या पालकांनाही धुण्याचा कागद द्या: कोमट पाणी, साधी पावडर, ब्लीच नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, सावलीत वाळत.

पाती फुकट मिळत असतील तर मला त्यांचा मोह नाही. मारेजिंग (खास चिवट) पोलादाच्या पात्यात चीर हळू वाढते, ते साध्या पात्यापेक्षा टिकतं, पण जुन्या पात्यावर किती मार पडलाय हे डोळ्यांना दिसत नाही. खाच पडलेलं किंवा एकाच जागी कायम वाकलेलं पातं तुटणारच आहे. तुटलेलं वेल्ड करून पुन्हा वापरायचं तर अजिबात नाही.

आणि देखभालीच्या ओळीत हे मोजून लिहा, ८ ईपींसाठी वर्षाचं: सुटी टोकं ८, दोन्ही प्रकारच्या स्प्रिंगा प्रत्येकी १०, टोकाचे स्क्रू निदान ४० (ते जमिनीवर पडले की सापडत नाहीत, एवढे लहान असतात), पात्याच्या खोबणीतल्या वायरींचे जोड ६, जादा पाती ३. बॉडी वायर बहुधा प्लगपाशीच तुटते, कारण मुलं वायर धरून ओढतात. अशी वायर फेकू नका. प्लग उघडून, वायर दोन बोटांएवढी कापून पुन्हा जोडा. प्रत्येक तारेचा विद्युतरोध प्लग ते प्लग १ ओहमच्या आत आला की चालू. घामाने भिजलेलं जॅकेट आणि हत्यार एका पिशवीत ठेवलं तर एका रात्रीत गंज धरतो. कपाटात दोन वेगळे कप्पे करा, एवढं सांगितलं तरी खूप वाचतं.

---

चाकावरची_ढाल

धाग्यात व्हीलचेअरचा विषय निघालाच नाही म्हणून लिहितो. सहभागासाठी निधी म्हणत असाल तर हा पर्याय अर्जात दिसला पाहिजे, आणि काही देणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. १९६० च्या रोम पॅरालिंपिकपासून हा खेळ आहे. मास्क, जॅकेट, ईपी, यंत्र सगळं तुमच्याकडचंच चालतं. वेगळी लागते ती चौकट. दोन्ही खुर्च्या मधल्या दांड्याला ११० अंशांच्या कोनात पक्क्या होतात. चौकट घेताना डाव्या-उजव्या खेळाडूंसाठी बाजू बदलता येते का ते विचारा. ईपीत कमरेखाली गुण नाही, म्हणून मांड्यांवर टाकायचं वाहक आवरण लागतं. ते विसरलं की मांडीवरच्या प्रत्येक स्पर्शाला दिवा लागतो. हात टेकायला खुर्चीची कड मजबूत असलेली एक खास खुर्ची वर्गाकडे ठेवा, रोजच्या खुर्चीवर खेळून तिची वाट लागते. आणि दरपत्रकाआधी हॉलच्या दाराची रुंदी मोजा, मापाची पट्टी घेऊन.

उभं खेळणाऱ्या मुलांनाही त्यात बसवा. पायकाम गेलं की हातातलं खोटं उघडं पडतं.

---

रोजकीर्द

अहवालाचं राहिलं. पदकं मोजून दाखवू नका, पुढच्या वर्षी नाही आली तर तुम्हीच अडकाल. मोजायचं ते असं: किती मुलं आली, १२ आठवड्यांनी किती टिकली, दुसऱ्या वर्षी किती परतली, फी-सवलतीतली आणि पूर्ण फीची मुलं सारख्याच प्रमाणात टिकली का. शेवटचा आकडा सगळ्यात बोलका. सवलतीतली मुलं जास्त गळत असतील तर अडचण फीची नाही, बसभाड्याची, बुटांची किंवा वर्गाच्या वेळेची आहे. पुढचा अर्ज त्यावर करा.

उदाहरण द्यायचं असेल तर न्यूयॉर्कचं पीटर वेस्टब्रूक फाउंडेशन द्या. वेस्टब्रूकने १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सेबरचं कांस्य मिळवलं आणि १९९१ मध्ये शहरातल्या मुलांसाठी फाउंडेशन सुरू केलं. तलवारबाजीबरोबर मुलांच्या अभ्यासाचीही सोय त्यात आहे. तिथून आलेल्या कीथ आणि एरिन स्मार्ट या भावंडांनी २००८ मध्ये बीजिंगला आपापल्या संघातून सांघिक रौप्य घेतलं. पण हे अर्जात एका ओळीत. देणाऱ्याला तुमच्या १८ मुलांचं ऐकायचं असतं.

मुलांचे फोटो अहवालात द्यायचे तर पालकांची लेखी परवानगी, आणि फोटो सगळ्या वर्गाचा. सवलतीतल्या मुलांना वेगळं उभं करून धनादेशाबरोबर फोटो काढायचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. त्यापेक्षा नव्या कपाटाचा काढा.

---

पवित्रा

ठरलं ते असं. साहित्य: मास्क ९, जॅकेटं ११ (३ डावी), प्लॅस्ट्रॉन २०, छातीरक्षक ९, इलेक्ट्रिक ईपी ८, बॉडी वायर ८, यंत्रं २, रील ४, वर दिलेली वर्षाची सुटी सामग्री, मल्टिमीटर आणि तपासणीची वजनं-पट्ट्या. थेट मदत: दोन वर्षांची फी-सवलत, दोन स्पर्धा सगळ्यांसाठी, एका पंचाचं प्रशिक्षण. चौकटीचा वेगळा अर्ज, दार मोजल्यावर. 'इतर' कोरा. फुकटचे मास्क तपासून उरतील ते जादा. काही सुटलं का?

---

हत्यारपेटी

हातमोजे. १८ हवेत, डावे वेगळे मोजून. आणि ८ ईपींपैकी दोनला क्रमांक २ चं पातं लिहा, नाहीतर तुमची ११-१२ वर्षांची मुलं वर्षभर नुसती बघत बसतील.